मामा जिन्यानेच येतात

आमच्या मामांनी आयुष्यभर लिफ्ट चालवणाऱ्या कंप्युटरचा कर्नल सांभाळला. कर्नल म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमना शिस्तीत ठेवणारा गाभा. तो कंपाइल करताना, म्हणजे मशिनच्या भाषेत उतरवताना, एक पर्याय असतो: स्टॅकवरच्या, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदींच्या कडेला राखणीचा एक आकडा ठेवायचा. कुठल्या कोडने हद्द सोडून लिहिलं की तो आकडा बिघडतो आणि कर्नल लिफ्ट जागीच थांबवतो. मामांनी सगळ्यात कडक राखण निवडली.

लिफ्ट अडकायला लागल्या. मजल्याचं नाव दाखवणारं कोड शेजारच्या नोंदी पुसत होतं, हे मामांनी शोधून काढलं. "दोन आठवडे द्या, दुरुस्त करतो," ते म्हणाले.

"लोक अडकले की शिव्या मला बसतात," साहेब म्हणाले. "ती राखणच काढून टाका."

चार दिवस हुज्जत घालून शेवटी मामांनीच ती बंद केली. चूक तशीच राहिली, बोंब मारणारा तेवढा गेला; पुसलेल्या नोंदींवरच लिफ्ट धावत राहिल्या. तक्रारी थांबल्या, साहेबांना बढती मिळाली. मामांच्या निरोपाला हाच माणूस निर्लज्जपणे म्हणाला, "यांच्यामुळे एकही लिफ्ट अडकत नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्या इमारतीत तीच लिफ्ट आहे. गुडघे कामातून गेलेले मामा पाचव्या मजल्यापर्यंत जिना चढतात. शेजारी त्यांच्या व्यायामाचं कौतुक करतात.

मामी मात्र रोज लिफ्टने जाते-येते. मी भडकून विचारलं, "मामीला का नाही सांगत?"

"सांगितलं, तर राखण कुणी बंद केली ते विचारेल ना ती," मामा म्हणाले.