सख्खी आणि सावत्र मशीन

चामड्याच्या पिशव्यांच्या त्या कारखान्यात मशिनींना नावं मिस्त्रीने ठेवली होती. अस्सल परदेशी कंपनीची ती सख्खी. तिच्यासारखाच रंग आणि तिच्याच नावाची पट्टी लावून आलेली नक्कल, ती सावत्र. पहिल्यांदा हे बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली, कारण समोर काकू शिवत होत्या आणि शेजारी त्यांची सावत्र मुलगी, बारकी.

"बोला की," काकू म्हणाल्या. "तेरा वर्षं झाली सावत्र होऊन, अजून गंज चढला नाही मला."

सगळे हसले. बारकीही हसली. ती नऊ वर्षांची असताना काकू त्या घरात आल्या. मग बाप गेला, दोघी उरल्या. साऱ्या कारखान्यासारखी बारकीही त्यांना काकूच म्हणायची. आई म्हणायचा विषय कधी निघालाच नाही.

काकूंची बावीस वर्षं सख्खीवर गेली होती. चार पदरी चामडं आलं तरी तिची सुई अडखळत नसे, आणि पायडलवरून पाय उचलला की ती जागच्या जागी थांबे. मालकाने नमुन्याला आणलेली सावत्र मात्र पाय उचलल्यावरही दोन टाके पुढे जायची.

"परवा काकू दोन्हींवर एकेक पिशवी शिवतील," मालकाने जाहीर केलं. "फरक दिसला नाही, तर सख्खी विकून अशा तीन आणू. तोंडी तक्रारी नकोत मला. शिलाई दाखवा."

घरी भांडी विसळताना बारकी म्हणाली, "काकू, एकच टाका चुकव. काठावर, त्याला दिसेल असा. सख्खी गेली की ती नवी माझ्याच गळ्यात मारणार तो."

"चुकवते."

"नक्की?"

"म्हटलं ना! एक टाका चुकवायला आता शिकवणी लावू का?"

शिवून दाखवायच्या दिवशी मालकाने मऊ, तांबूस, एकही ओरखडा नसलेलं चामडं काढून दिलं. काकूंनी ते वाकवून पाहिलं, अंगठा फिरवला, आणि तिथेच घोटाळा झाला. कापडातला टाका उसवता येतो, पण चामड्यात सुईने पाडलेलं भोक कायमचं राहतं. सावत्रवर शिवताना काठ जवळ आला, तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं, आता. पण पाय दोन टाके आधीच उचलला गेला होता. उजव्या हाताने चाक धरलं होतं. मशीन बरोबर कोपऱ्यावर थांबली.

मालकाने दोन्ही पिशव्या उजेडात धरल्या, उलट्या करून पाहिल्या. "काय हो मिस्त्री? उगाच बिचारीला सावत्र सावत्र करत होतात."

काकू टेबलावरचे दोरे वेचू लागल्या. बारकीने मान फिरवली.

पंधरा दिवसांत सख्खी टेम्पोत चढली. नव्यांपैकी खिडकीजवळची बारकीला मिळाली. "दोन टाके आधी पाय काढ," काकूंनी तिला पन्नासदा बजावलं. बारकी काढायचीही. पण काकूंच्या पायाने बावीस वर्षं घेतली होती, तिला तीन आठवडे मिळाले. एका दुपारी पिशवीचा पट्टा सरकला म्हणून तिने पाय उचलला आणि तो सरळ करायला बोट पुढे घातलं. पहिला टाका चामड्यात पडला. दुसरा नखातून गेला.

जखम चिघळली. डॉक्टरांनी पहिल्या पेरापासून बोट काढलं. मालक दवाखान्यात येऊन गेला. "काकू, तुम्हीच तर शिवून दाखवलीत," असं म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

घरी आल्यावर पट्टी बदलायचं काम काकूंकडे आलं. चौथ्या दिवशी बारकी बोलली.

"एकच टाका मागितला होता मी."

काकूंनी बराच वेळ पट्टीचं टोक शोधलं.

"कातडं फार चांगलं होतं गं."

"आणि माझं?"

काकूंनी पट्टी गुंडाळली, वेढ्याशेजारी वेढा, एकही वाकडा न पडू देता. बारकी ते बघत होती. गाठ मारून झाली तशी तिने हात काढून घेतला.