वहिनीची चाकांवरची कात्री

आधीच सांगून टाकते, ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याची वायर शोधत होते. वहिनीच्या व्हरांड्यात दोन चाकं, मधे पिळदार पात्यांचा रूळ, वर लांब दांडा, असलं काहीतरी उभं. वायर नाही, पेट्रोलची टाकी नाही. म्हटलं, "वहिनी, अर्धंच आणलंस का गं? बाकीचं दुकानातच राहिलं!" आणि ठसका लागेपर्यंत हसले. मनात आलं, डोळ्यांपाठोपाठ हिचं डोकंही चाललं की काय!

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. जन्मभर गल्लीचे कपडे शिवले. अलीकडे तिच्या नजरेच्या ऐन मधोमध धुकं बसलंय. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. मी समोर बसले की म्हणते, "वन्सं, तुमचे कान तेवढे दिसतात, आणि नेमके तेच तुम्ही वापरत नाही." अशी ही बाई!

शिवणयंत्रावर चादर पडली. उरली घरामागची हिरवळ, गवताचा एकेक ठोंब रोवून तिनंच वाढवलेली. ती कापायची पेट्रोलच्या मशीननं. पण एके दिवशी तिनं पाण्याची रबरी नळीच चिरून टाकली. त्या घरघराटात दादा घसा फोडून ओरडत होता, हिला पत्ता नाही. शेवटी दादानं धावत जाऊन मशीन बंद केलं. त्यानं मशीन देऊन टाकलं आणि फरशीवाल्याला फोन केला. "सगळीकडे फरशी घालू. कापायला नको, जिवाला घोर नको."

वहिनीनं त्या दिवशी त्याच्याशी बोलणंच टाकलं. मग हे हातानं ढकलत गवत कापायचं यंत्र आणलं आणि म्हणाली, "एकदा मला कापू द्या. नाही जमलं तर घाला फरशी, मी ब्र काढणार नाही."

"एक झुपका जरी राहिला तरी फरशी," दादा म्हणाला. पंच म्हणून मला बोलावलं. खरं तर मी दादाच्याच बाजूनं गेले होते.

सकाळी दादा हिरवळीच्या मधोमध खुर्ची टाकून बसला, हातात चहा, चेहरा परीक्षेच्या हॉलमधल्या मास्तरासारखा. वहिनीनं आधी वर्तमानपत्राची पट्टी पात्यांत धरली आणि रूळ हातानं फिरवला. कागद टरकन फाटला. तिनं कान जवळ नेला, स्क्रू जरासा पिळला.

"बोटं सांभाळ गं बाई!" मी ओरडले.

"कात्री काय आज धरतेय का मी? पातं पात्याला नुसतं लागायला हवं, घासायला नको." पुन्हा फिरवलं. कागद असा कापला गेला की मला तिनं माझ्या लग्नाच्या पोलक्यासाठी कापलेलं रेशीम आठवलं.

मग ती निघाली. चर्र, चर्र, चर्र. कडेच्या विटांना बुटाचं टोक लागलं की वळायची. मी चहा ओतत बडबडत होते. सहज पाहिलं तर बाईसाहेबांचे डोळे मिटलेले!

"वहिनी, अगं डोळे!"

"उघडे ठेवले तर ते धुकंच बघत बसते. गप्प बसा, मला ऐकू द्या."

एका जागी ती थांबली, अर्धं पाऊल डावीकडे सरकली, पुन्हा चालू लागली.

"काय झालं?"

"आवाज कोरडा झाला. कापलेल्यावरूनच चालले होते."

मीही डोळे मिटले. आधी काहीच कळेना. मग लक्षात आलं, उभ्या गवतात आवाज भरलेला, ओला. कापलेल्यावर नुसती पाती वाजतात. शेजारच्या भिंतीवरची चिमणी ऐकू येत होती, दादाच्या कपातला चमचासुद्धा. डोळे उघडले तर तिच्यामागे हिरवळ घडी घातलेल्या कापडासारखी सरळ. तिच्या हाताखाली मी कितीदा माप द्यायला उभी राहिलेय, पण तो हात असा कधी पाहिलाच नव्हता. मी गप्प झाले. मी! दादानं वळून पाहिलं, मला बरं नाही की काय म्हणून.

तेवढ्यात ती त्याच्यापाशी पोचली. "अहो, खुर्ची उचला."

"मी नाही हलणार. मला चुकवून दाखव."

"चमचा वाजवत बसा मग." आणि त्याच्या चपलेलाही न शिवता ती खुर्चीला वळसा घालून गेली. दादाचा कप हातातच राहिला.

संपल्यावर दादा उठला, खुर्ची झाडाखाली नेऊन ठेवली आणि हात मागे बांधून, कानातलं हरवल्यासारखा वाकून अख्खी हिरवळ फिरला. माझा जीव टांगणीला. आता मी त्याच्या बाजूची कुठली राहिले होते!

"सापडलं!" दादा ओरडला. "हे बघ, झुपका कसला, अख्खा तुकडाच राहिलाय!"

वहिनी व्हरांड्यातून उठलीसुद्धा नाही. "चौकोनी आहे का?"

"आहे... तसा."

"कोपऱ्यांत पायांचे खड्डे?"

दादा वाकून खड्डे चाचपायला लागला.

"खुर्ची उचला म्हटलं होतं ना?"

"अगं, पण राहिलं ते राहिलंच की!"

"बसणाऱ्याचं राहिलं. कापणारीचं नाही. विचारा तुमच्या पंचाला."

पंचानं हसून हसून चहा सांडला होता. दादानं मुकाट्यानं खिशातून फोन काढला. "फरशीवाल्याला आता नको म्हणून काय कारण सांगू?"

"सांगा, खुर्ची आड आली." वहिनी यंत्र घेऊन उतरली. "सरका."

दादा सरकला.