मुद्देमालाला टूथपेस्ट

तो कमरपट्टा आठवला की आजही माझे कान तापतात. चोराच्या रागाने नाही. आमच्याच.

मी पोलीस खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली. आता गावोगाव पत्रकं वाटतो, लोकांना त्यांचे हक्क सांगतो. तेव्हा गोड बोलायची सवय मला नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. चूक मात्र पूर्ण सांगणार.

तक्रारदार बाई बीबी गावाकडच्या एका खेड्यातली, शेतकरी घरातली. भरदुपारी सगळे शेतात असताना कोठीतून चांदीचा कमरपट्टा गेला. फिर्याद लिहून घेताना मी वर्णन विचारलं. ती म्हणाली, "पट्टा काळा, साहेब. त्याच्यावर मोर. मोरायले सोन्याचं पाणी. काळ्यात पिवळे मोर."

पट्टा तिच्या आईचा. आईने मरताना दोन्ही मुलींना मिळून एकच दिला होता, ज्या घरी लग्न त्या घरी पट्टा. आता थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि पट्टा धाकटीकडून गेला. थोरलीने सरळ म्हटलं, तूच विकला. बोलणं बंद. चोरीपेक्षा हे बाईला जास्त लागलं होतं. "मले पट्टा नाई भेटला तरी चालते," ती म्हणाली, "पण म्या इकला नाई हे तं निघालं पाहिजे."

खबर दुसरबीडहून आली. रस्त्याकडेला बांगड्या विकणाऱ्या एका बाईचा फोन. "साहेब, एक गिऱ्हाईक इचारून राह्यलं, बिनपावतीची जुनी चांदी इथं कोण घेते?" मी खबऱ्यांवर पैसा उधळणारा नव्हतो, पण बाजारातल्या बायकांशी नीट बोलायचो. त्या सगळं पाहतात. त्यांना कोणी विचारत नाही, एवढंच.

पत्ता काढला आणि संध्याकाळी त्या गिऱ्हाइकाच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यात पट्टा सापडला. जप्ती पंचनामा केला, मोबाइलवर फोटो काढले. अंधारी खोली, फोटोत नुसता काळा गोळा. तो माणूस शांत होता. "माह्या सासूचा हाय," एवढंच म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ येणार होते, वार्ताहरही. निघताना मी म्हणालो, "उद्या फोटो चांगला आला पाहिजे." हे वाक्य माझं. ते मी कोणावर ढकलत नाही.

सकाळी पंचांसमोर बाईकडून पट्ट्याची ओळख पटवायची होती. सराफाकडून आणलेले तीन पट्टे आणि जप्त केलेला एक, असे चार मांडले. बाईने दोनदा फिरून पाहिलं. "ह्याच्यात माहा नाई."

मी पुढे होऊन पाहिलं. जप्त केलेला पट्टा पांढराफेक होता. आरशासारखा. मोर दिसत होते, पण भिंतीवरच्या ओल्या डागासारखे. पिवळा रंग कुठेच नव्हता.

आरोपी हसला. "सांगत होतो ना साहेब. सासूचा हाय."

मग मी खरी चौकशी सुरू केली, आमच्याच हवालदाराची.

"काऊन हो हवालदार, पट्ट्याला हात कोणी लावला?"

"हात कोणीच नाई लावला, साहेब. ब्रश लावला."

"कशाचा ब्रश?"

"दाताचा. टूथपेस्ट लावून. तरी काळा जाऊन नाई राह्यला, मंग तारेची घासणी घेतली. लय चमकला! तुम्हीच म्हणले, फोटो चांगला पाहिजे."

"आणि सील?"

"फोटो झाल्यावर करणार होतो."

वरिष्ठांनी मला बाजूला घेतलं. "बाईला समजावा. हो म्हण म्हणावं, विषय संपला." बाईला तर हो म्हणण्याची सगळी गरज होती. एका शब्दात बहीण परत मिळत होती. तरी ती खोटं बोलली नव्हती, आणि आम्ही तिला खोटं बोलायला शिकवणार? मी नकार दिला. पट्टा घासला, कोणी, कशाने, कोणाच्या बोलण्यावरून, सगळं स्टेशन डायरीत नोंदवलं. पहिलं नाव माझं.

मग एका जुन्या सोनाराला बोलावलं. त्याने पट्टा हातात घेतला आणि कपाळाला आठ्या पडल्या. "काळा म्हणजे मळ वाटला का तुमाले? नक्षी उठून दिसावी म्हणून खाचेत तो ठिवला असते. आन सोन्याचं पाणी तं नखानंबी जाते, तुमी तार लावली!"

"पट्टा कोणाचा, हे आता कशावरून कळेल?"

"जिथं घासणी गेली नाई तिथं पाहा. पट्टा अडकवाच्या पेटीची फिरकी, तो पेच, उघडा."

मी उघडू दिली नाही. आधी पट्टा सील केला. बाईला परत बोलावलं, पंचांसमोर विचारलं, फिरकीच्या आत काय आहे? थोरली बहीणही आली होती, दाराशी हाताची घडी घालून उभी.

बाई लगेच म्हणाली, "चिंधी. फिरकी ढिल्ली होती, तं मायनं चिंधी गुंडाळली. तिच्या हिरव्या लुगड्याची."

जबाब लिहिला, सही घेतली, मगच सील तोडलं. सोनाराने फिरकी फिरवली. आत बोटभर चिंधी, तेलकट, कडेला अजून हिरवी. तिच्याखाली चांदी काळीशार.

दारातून थोरली पुढे आली. "मायचं लुगडं हाय वं हे," ती धाकटीचं मनगट धरून म्हणाली.

आरोपीची सासू पुन्हा निघाली नाही. तासाभरात त्याने कोठीचं कुलूप कसं काढलं ते सांगितलं.

लोक मला विचारतात, चांदी कशी साफ करायची? कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती कापड, आणि लगेच कोरडी पुसा. खाचेतला काळा राहू द्या. मुलामा असेल तर सोनाराला विचारल्याशिवाय हात लावू नका. टूथपेस्ट दातांसाठी असते, घासणी कढईसाठी. आणि पोलिसांसाठी नियम याहून सोपा आहे: काहीही साफ करू नका. जसं सापडलं तसं सील करा. ज्या खात्याला पुराव्यापेक्षा फोटो प्यारा, त्याने लोकांकडे विश्वास मागू नये. या प्रकरणाने मला शिकवलं ते हेच.

न्यायालयाच्या आदेशाने पट्टा सुपूर्दनाम्यावर परत दिला, लग्नाच्या आठवडाभर आधी. बाईने पुसट मोरांवरून अंगठा फिरवला.

"चोरानं तं नुसता नेला होता, साहेब," ती म्हणाली. "पुसला तुमी."

तिने सही केली, पट्टा पदरात गुंडाळला आणि मला नमस्कार न करता निघून गेली. बरोबर केलं.