गंजाची राखण

आमच्या बाबांची सगळी नोकरी पोलाद कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेली. गंजाशी त्यांचं हाडवैर, आणि ते रिटायर झाल्यावरही सुटलं नाही. रुआबांध्यातल्या आमच्या घराच्या गेटला दर वर्षी एप्रिलात जयंतीच्या आधी रंग बसतोच. लग्नाला गेले तर नवरा-नवरीच्या आधी मांडवाचे पाइप बघतात, वर नखानं खरवडतात. अशा माणसाच्या घरात मी गंज पिकवत होते.

झालं असं, की माझी पीएचडी पाणी फोडण्यावर आहे. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. वीज कमी लागावी म्हणून धातूवर एक थर द्यावा लागतो. तो प्लॅटिनम-इरिडियमचा असला की काम झकास होतं, फक्त भाव ऐकून घाम फुटतो. मी लोखंडी जाळी निकेलच्या पाण्यात गंजवून तसा थर बनवत होते. आमच्या गाइड सरांना हा पोरखेळ वाटायचा. गुरुवारी नीट बुडबुडे दिसले नाहीत तर हा विषय बंद, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

लॅबमध्ये जागेची मारामारी, म्हणून जाळीचे तुकडे मी घरच्या मागच्या व्हरांड्यात एका डब्यात भिजत ठेवले. आईला हात लावू नकोस म्हणून बजावलं. बाबा चरोद्याला आत्याकडे गेले होते.

मंगळवारी मी घरी आले तर सगळे तुकडे कपड्यांच्या तारेवर टांगलेले. एमरी पेपरनं घासलेले, वर गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचा हात. आत्याकडून परतलेले बाबा ब्रश धूत होते, चेहऱ्यावर केवढं समाधान!

"काय वो पोरी, एवढा जंग चढू देतेस? मी नसतो तं सडून गेलं असतं सारं."

मी भोकाड पसरलं. लग्नाच्या वयाची बाई, पण पसरलं. सगळं ऐकून बाबांचा चेहरा एवढासा झाला.

"गंज पायजे तुले? मुद्दामून?"

"हो!"

"बापा बापा," म्हणाले, आणि उठून कात्री आणि नवी जाळी घेऊन बसले.

बुधवारभर ते त्या डब्यापाशी खुर्ची टाकून होते. घरात ताप आलेलं पोर असावं तसं मला फोन करून सांगायचे, "थोडा थोडा लागून राहिला." आई झाडू घेऊन मागे गेली तर तिलाच हाकललं. माझा राग तिथेच गेला, पण मी तसं दाखवलं नाही.

गुरुवारी डबा मांडीवर धरून ते माझ्या स्कूटीवर मागे बसले. लॅबमध्ये मी वायर जोडल्या, बटन दाबलं. जाळीवरून बुडबुडे उसळायला लागले, थांबेचनात. सर चष्मा सारून वाकले, मग शेजारी ठेवलेला दुसरा तुकडा उचलून त्यावरचा तपकिरी थर बोटानं घासून बघायला लागले.

सरांना मराठी येत नाही, त्यांच्याशी बाबा नेहमी अदबीनं हिंदीत बोलतात. त्या दिवशी हिंदी राहिली बाजूला, सरांचं मनगटच धरलं त्यांनी.

"हात नोका लावू सर! गंज निघून जाईन!"