भावकी शोधायला आंदर मावळात

मागच्या मंगळवारी आंदर मावळात गेलो होतो. करवंदं दिसली म्हणून एसटीतून मधेच उतरलो... मग पुढचं सगळं चालतच.

जायचं कारण मात्र वेगळं होतं. गेल्या वर्षी पप्पा गेले, आई तर मी लहान असतानाच गेली होती. पप्पांच्या दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर न्हावी म्हणाला, "भावकीतले पुढं या." मी एकटाच पुढे झालो. मागे पप्पांचे मित्र, चाळीतले शेजारी... भावकी म्हणून कोणीच नाही. तेव्हापासून डोक्यात बसलं होतं, आपल्या रक्ताचं एक तरी माणूस कुठेतरी असेल ना?

आधी गूगलवर आडनाव टाकलं. तिथे प्रत्येक आडनाव कुठल्यातरी राजाच्या वंशातलंच निघतं. आम्ही साबळेसुद्धा... लोणावळ्यात नळाखाली बादली लावून हे वाचताना बरं वाटलं, पण माणूस काही सापडला नाही.

आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरून मूळ गाव कळलं. मग वडगावला जाऊन गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची नक्कल काढली. (त्याआधीची एक खेप इंदुरीचा किल्ला बघण्यात गेली.) अक्षर मोडी, म्हणून तळेगावच्या एका काकांकडून वाचून घेतली.

१९१०च्या पुढची पानं. साबळ्यांच्या घरात जन्म, मग मृत्यू... परत जन्म, परत मृत्यू. सगळी तान्ही पोरं. आणि माझे पणजोबा केरू, त्यांचा जन्मच नाही. काका म्हणाले, "हे घर इथेच संपलंय बघ." मी समोर चहा पीत बसलो होतो, आणि कागदाप्रमाणे मी नव्हतोच.

तरी गावात गेलो. साबळे कोणाला आठवेनात. पारावरच्या एकाने जाधवांच्या आजीचं घर दाखवलं. आजी ओट्यावर वाल निवडत होती. मी पणजोबांचं नाव सांगितलं.

"केरूचा पणतू व्हय तू? उकिरड्यावरच्या केरूचा?"

उकिरड्यावरच्या?

"मंग. त्याच्या आयची पोरं जगत नव्हती. म्हनून ह्यो झाल्या झाल्या सुपात घालून उकिरड्यावर ठिवला. माझ्या आजेसासूनं उचलला. पोरं नेनाऱ्या सटवाईला वाटाय पायजे, पोर जाधवांचं हाय. मंग आयनं पसाभर नाचणी दिऊन परत इकत घेतला. म्हनून नाव केरू."

कोतवाल नोंद करायला आला, तर त्यालाही जाधवांचं पोर म्हणूनच सांगितलं.

"सटवाईला फसवायचं आन् सरकारला खरं सांगायचं, आसं चालतंय व्हय?" आजी हसली.

तिथूनच तळेगावच्या काकांना फोन केला, नक्कल त्यांच्याकडेच होती. जाधवांच्या नावावर त्या काळातली एक नोंद निघाली. 'मुलगा'... बाकी काही नाही, बारसं व्हायचं होतं.

कोडं सुटलं. पण भावंडांत केरू एकटेच जगले होते. चाळीसच्या दशकात ते रेल्वेच्या कामाला लोणावळ्याला गेले, त्यांना एकच मुलगा, त्यालाही एकच, आणि मग मी. म्हणजे चुलत-बिलत कोणी नाहीच. एवढं फिरून उत्तर हेच... मी चपला घालायला उठलो.

"बाप बरा हाय का?" आजीने विचारलं.

गेल्या वर्षी गेले, म्हटलं.

तिचा हात वालात तसाच राहिला. "आन् कळवलं न्हाईस?"

मी परत ओट्यावर टेकलो.

"केरू गेला तवा ह्या घरानं सुतक धरलं हुतं. मी नवी सून हुते. तुझ्या आज्याचं तर कळलंच न्हाई." मग आत तोंड करून सुनेला म्हणाली, "पानी ठिव गं. केरूचा नातू वारला. आंगूळ कराय पायजे."

मरणाची बातमी उशिरा कानावर आली तरी डोक्यावरून पाणी घ्यायचं, अशी रीत आहे. घरच्यांनी. आजीचा मुलगा शेतावरून आला, आईने दोन शब्दांत सांगितलं, आणि तोही सदरा काढून न्हाणीकडे गेला. मला एक प्रश्न विचारला नाही.

मी ओट्यावर बसून होतो. आतून तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता... एक थांबला की दुसरं कोणीतरी.

वर्षभर पप्पांचा मी एकटाच होतो. त्या दुपारी तेवढा एकटा नव्हतो. जाधवांच्या घराचे आभार तिथे काही मानता आले नाहीत, म्हणून इथे लिहितोय.