शेप्याचं तोरण

साऱ्या रत्नागिरीत आंबा हातात आल्यावर त्याचे आई-बाप कोण, असं विचारणारी बाई एकच, आणि ती माझी आत्या. आपल्याकडे जनुकांचं काम सुरू करणाऱ्या पहिल्या दोन-चार जणांत ती होती. यंत्रं परवडत नव्हती तेव्हा मुंबईच्या प्रयोगशाळेत कमी-जास्त गरम पाण्याची तीन भांडी मांडून ती नळ्या हातानेच या भांड्यातून त्या भांड्यात टाकत दिवसभर उभी राहायची. ती सवय गेली नाही ती नाहीच. अजूनही चहात थर्मामीटर बुडवल्याशिवाय तिच्या घशाखाली घोट उतरत नाही. लग्नाला गेली की नवरा-नवरीला सोडून व्याह्यांच्या कानाच्या पाळ्या निरखते. एका बारशाला तर पाळण्यात वाकून तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "कान मामाचे आहेत. बाकीचं तपासावं लागेल." बाळाचा बाप तेव्हापासून आम्हाला रस्त्यात ओळख देत नाही.

निवृत्त होऊन घरी आली ती प्रयोगशाळेतली मोडीत निघालेली यंत्रं घेऊनच. आता तिला ध्यास रायवळ आंब्यांचा. कोयीपासून आपसूक वाढलेली ही झाडं. प्रत्येकाची चव निराळी, म्हणून घरोघर त्यांना नावं, खोबऱ्या, साखऱ्या, शेप्या. हापूसच्या कलमांसाठी ती एकेक करून तुटतायत. त्याआधी प्रत्येकाची जनुकं वाचून ठेवायचीच, हा तिचा हट्ट. "माणसांची वंशावळ भिंतीवर टांगतात मेले, झाडांची कोण ठेवणार?" बडीशेपेच्या वासाचा शेप्या मालगुंडात एकाच घरी उरलाय असं कळलं, तेव्हा चहा अर्धा टाकून ती माझ्या स्कूटरवर येऊन बसली. थर्मामीटर हातातच.

पोचलो तर झाडाच्या जागी तांबड्या मातीचा खड्डा. घरच्या म्हाताऱ्या काकू दारापुढच्या खळ्यात आल्या. "उशिरा आलीस गो! मुलाने तोडलंन् परवाच. फांद्यासुद्धा ट्रकातून गेल्या." आत्या पायरीवर मटकन बसली. आणि एकाएकी ती दाराकडे बोट करून किंचाळली, "काकू, ही पानं कुठल्या झाडाची?"

चौकटीवर दसऱ्याचं तोरण होतं, वाळून कुरकुरीत झालेलं.

"आणि कुठल्या? घरचं झाड सोडून पानं काय विकत आणायची? दसऱ्याला आम्ही शेप्याचीच बांधतो."

आत्या पदर खोचून खुर्चीवर चढलीसुद्धा! खुर्ची मी धरली होती, काकू मला धरून ओरडत होत्या, "पडशील गो! सणाचं तोरण असं ओरबाडतात काय?" आत्या वरूनच म्हणाली, "फुलं तुमची, पानं माझी!" आणि सुकलेला झेंडू खरोखरच त्यांच्या ओंजळीत टाकू लागली.

घरी आल्यावर पानं कुटली, धुतली, नळ्या यंत्रात गरगरल्या. पहिल्या खेपेला नुसतं चहासारखं तपकिरी पाणी. दुसऱ्या खेपेला थंडगार स्पिरिट ओतलं आणि नळीत शेप्याच्या जनुकांचा पांढुरका धागा हळूच वर आला. आत्या अशी ओरडली की शेजारच्यांनी धावत जाऊन गॅस सिलिंडर बंद केला. "मेलेलं झाड बोललं रे!" ती नाचायचीच काय ती बाकी होती. तो धागा काकूंना दाखवायलाच हवा म्हणून एक नळी घेऊन आम्ही पुन्हा मालगुंडात.

काकूंनी नळी उजेडात धरली. "हा आमचा शेप्या?"

"हो!"

"मग आता याला आंबे कधी धरतील?"

"नाही धरायचे, काकू. तो कोण होता, तेवढं सांगता येईल."

काकूंनी झाकण काढलं आणि आंबा पिकला का ते बघावं तशी नळी नाकाशी नेली. "वास नाही गो येत," त्या म्हणाल्या.

आत्याने नळी परत मागितली नाही. मग काकू शेप्याची चव सांगत बसल्या, सुरुवातीला आंबट, मग जिभेवर थंड, मग किती तरी वेळ गोड, आणि आत्या त्यांच्या शेजारी बसून ऐकत राहिली. ते उतरवून ठेवायचं यंत्र तिच्याकडे नव्हतं.