ओवीच्या पानावरचा ठिपका

घरीच शिकवणाऱ्या आईबाबांनो, आज माझं रडगाणं ऐकून घ्या.

माझी नऊ वर्षांची ओवी शाळेत जात नाही. जे शिकते ते वहीत चित्र काढून, आपल्या शब्दांत लिहिते. मग ते पान माझ्याशिवाय कुणाला तरी सांगायचं आणि ऐकणाऱ्याने कोपऱ्यात नाचणीच्या दाण्याएवढा ठिपका द्यायचा, हा आमचा नियम.

आजचं पान शंभर वर्षांपूर्वीच्या जव्हार संस्थानाचं. राजवाड्यात मास्तरांपुढे एकटाच शिकायला बसलेला मुलगा तिने मनानेच काढला होता.

गल्लीतली मुलं शाळेत. शेजारच्या काकू मोखाड्याच्या बाजाराला निघालेल्या. "बाय, आता नको, जीप सुटंल," म्हणाल्या नि गेल्या.

दुपारी बघते तर पानावर ठिपका! मी चिडलेच. "स्वतःच दिलास ना?"

"कुणी नव्हतं, म्हणून ह्यालाच सांगितलं," चित्रातल्या मुलावर बोट ठेवून ती म्हणाली. "त्यालापण कुणी नसेल ना?"

मला पुढे रागावताच आलं नाही.

जव्हारच्या आसपास घरीच शिकणारं कुणी आहे का हो? वही नसली तरी चालेल. नुसतं ऐकायला या.